बार्शी लाइट रेल्वे, मानमोडी आणि फुफ्फुसांतील प्रतिकार

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत, बार्शीकडील सखल मुलूख संपून पठार सुरू होते त्या भागात वसलेले आहे. रामलिंगाचे देवस्थान आणि त्याभोवतीचे अभयारण्य यांमुळे आज ते ओळखले जात असले, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे महत्त्व मुख्यतः रेल्वेमुळे होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे पठारावर चढून 1911 मध्ये लातूरला पोचली. अडीच फूट रुंदीच्या या रुळांवरून पठारावरचा कापूस व गळिताची धान्ये खाली उतरत आणि मुंबई-सोलापूरच्या बाजारातला माल वर येई. जिल्ह्याचे ठाणे असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या मार्गापासून बाजूला राहिल्याने तिकडे जाणारा प्रवासी येडशीला उतरून पुढचा रस्ता धरीत असे.

हा लोहमार्ग दोन राज्यांतून जात होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता. येडशी मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते, कारण पूर्वीचा नळदुर्ग जिल्हा 1904 मध्ये उस्मानाबाद या नावाने पुनर्रचित होऊन संस्थानाच्या पश्चिम सीमेवर होता आणि लातूरही तेव्हा, किंबहुना 1982 पर्यंत, त्याच जिल्ह्यात गणले जाई. कायदे, वसुली, दफ्तराची भाषा हे सारे बार्शी तालुक्यातील पांगरी ओलांडून येडशीकडे येताना बदलत असे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला मात्र ही हद्द अडवू शकली नाही.

त्या वर्षीच्या 10 जून रोजी मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले, त्यांतील एकाची नेमणूक गोदीवर होती, आणि काही दिवसांतच गिरण्या, कचेऱ्या, टपाल खाते, रेल्वे अशा सर्व ठिकाणी अंगदुखीचा ताप पसरला. ही पहिली लाट त्या मानाने सौम्य होती आणि पावसाळ्यात ती ओसरली. सप्टेंबरमध्ये उसळलेली दुसरी लाट निराळीच होती: 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी 1919 मध्ये सादर केलेल्या अहवालात साथीच्या प्रसाराचे मोठे कारण म्हणून रेल्वेचा निर्देश केला आहे आणि त्यामागील तर्क सरळ आहे. इन्फ्लुएन्झाचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात, आणि मुंबईहून पुणे, कुर्डुवाडी, सोलापूरमार्गे रायचूरकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गाने व कुर्डुवाडीहून बार्शीच्या छोट्या गाडीने पठारावर पोचायला त्याहून कमी वेळ पुरे होता. म्हणजे चाळीत संसर्ग झालेला मजूर धडधाकट अवस्थेत गाडीत बसून आपल्या गावी अंथरूण धरू शके. या आजाराला मराठी मुलखात मानमोडी हे नाव पडले, आणि जुन्या कुटुंबांत वंशावळीचे तुटलेले धागे सांगताना पुढे कित्येक वर्षे तेच नाव घेतले जाई.

दख्खनच्या खेड्यांना साथ नवी नव्हती. 1896 पासून प्लेगने शिकविलेला धडा असा होता की घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे. उंदरांच्या पिसवांपासून दूर नेणारा हा उपाय प्लेगपुरता खरोखरच शहाणपणाचा होता. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर, म्हणजे बहुधा शेजारच्या गावाच्या हद्दीत, नेऊन सोडण्याची रीत होती. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारापुढे यांतले काहीच चालण्यासारखे नव्हते. उलट मोकळ्या माळावरचा मुक्काम जरी काहीसा हितकर ठरला असता, तरी रोगाला भिऊन सोयऱ्यांच्या गावी जाणारा माणूस रोगच सोबत नेत होता, आणि हे कळायला त्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला उसंत मिळाली नाही.

त्याच वर्षी पाऊसही फिरला होता. 1918 च्या मोसमी पावसात देशभर सरासरीहून सुमारे 25 टक्के तूट आली. खरीप गेले, महायुद्धामुळे आधीच चढलेले धान्याचे भाव आणखी चढले, आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीच्या नेमक्या दिवसांत घरोघरची कर्ती माणसे तापाने फणफणत पडली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक लोक या साथीत मेले, असा अंदाज आहे. संपूर्ण हिंदुस्थानासाठी आरंभीचा सरकारी आकडा 60 लाखांचा होता; पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या आधारे मांडलेले अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींच्या आसपास जातात. इलाख्यात गावकामगारांच्या नोंदवह्यांतून मृत्यूंची संख्या वर पोचत असे; संस्थानी मुलखासाठी मात्र जनगणनेचाच आधार घ्यावा लागतो. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1911 मध्ये 1,33,74,676 होती ती 1921 मध्ये 1,24,71,770 झाली, म्हणजे दहा वर्षांत नऊ लाखांनी घटली. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्राचा हिशेब मांडला तरी त्या दशकात 2.91 टक्क्यांची घट दिसते, आणि त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत अशी घट पुन्हा आलेली नाही. या घटीत प्लेगचा व दुष्काळाचा वाटा आहे हे खरे, पण सिंहाचा वाटा मानमोडीचाच होता.

मेलेल्यांचे वय हा या साथीचा सर्वांत चक्रावून टाकणारा भाग होय. एरवी इन्फ्लुएन्झा तान्ह्या मुलांना व वृद्धांना नेतो. 1918 मध्ये या दोन टोकांच्या जोडीला 20 ते 40 या वयाच्या माणसांचा मृत्युदर भलताच चढला, आणि हिंदुस्थानात तर पुरुषांपेक्षा स्त्रियांचा अधिक. शरीर जोमदार असताना ते का हरावे, हा प्रश्न तत्कालीन वैद्यकाला सोडविता आला नाही, कारण मुळात शत्रूच ओळखलेला नव्हता. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1892 मध्ये वर्णन केलेला जिवाणू हेच इन्फ्लुएन्झाचे कारण, असा समज प्रचलित होता. पुष्कळ रुग्णांच्या थुंकीत तो सापडे, पुष्कळांच्या सापडत नसे. खरे कारण असलेला विषाणू, म्हणजे जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढू न शकणारा अतिसूक्ष्म घटक, मानवी रुग्णापासून वेगळा करण्यात स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या लंडनच्या संशोधकांना 1933 मध्ये यश आले. प्रतिकाराचे शास्त्रही तेव्हा बाल्यावस्थेतच होते. जंतू गिळणाऱ्या पेशींचा शोध लावणारे मेचनिकॉफ आणि रक्तातील प्रतिपिंडांचा सिद्धान्त मांडणारे एर्लिख यांना 1908 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. परंतु रोगाशी लढणारे शरीर स्वतःलाच इजा करू शकते ही कल्पना तेव्हा नुकती कुठे डोकावू लागली होती.

या इजेचे स्वरूप समजण्यासाठी फुफ्फुसाच्या रचनेकडे पाहावे लागते. श्वासनलिका फाटे फुटत फुटत शेवटी वायुकोशांपर्यंत पोचते; वायुकोश म्हणजे अतिशय पातळ भिंतीच्या सूक्ष्म पिशव्या, ज्यांच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला केशवाहिन्यांतील रक्त असते, आणि या दोहोंमधल्या पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. विषाणू या मार्गाच्या अस्तरपेशींत शिरतो तेव्हा पेशीतील काही प्रथिने त्याचे परके जनुकीय द्रव्य ओळखतात आणि इंटरफेरॉन हा संदेशवाहक पदार्थ बाहेर सोडला जातो. आयझॅक्स व लिंडेनमन यांनी 1957 मध्ये लंडनमध्ये शोधलेल्या या पदार्थाचे काम शेजारच्या पेशींना सावध करण्याचे आहे. इशारा मिळालेल्या पेशी विषाणूची नक्कल करू न देणारी शेकडो जनुके जागी करतात, आणि हे पहिल्या एक-दोन दिवसांत व्यवस्थित घडले तर आजार नाकघशापुरताच राहून उतरतो. ताप, अंगदुखी, भूक मरणे ही लक्षणे विषाणूने थेट केलेली नसून बव्हंशी या संदेशांचीच निष्पत्ती असते. दरम्यान दुसरी, सावकाश जागी होणारी फळी तयार होत असते: टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी हेरून मारतात, तर बी-पेशी त्या विशिष्ट विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे बनवितात, आणि या फळीला कामाला लागायला साधारण आठवडा लागतो.

तीव्र आजारात बिघडते ते या दोन फळ्यांमधले वेळापत्रक. इन्फ्लुएन्झा आणि करोना या दोन्ही प्रकारच्या विषाणूंजवळ इंटरफेरॉनचा इशारा दाबून टाकणारी प्रथिने असतात. इशारा उशिरा किंवा क्षीण गेला की विषाणू निर्वेध वाढून खाली वायुकोशांपर्यंत उतरतो, आणि मग जाग आलेल्या प्रतिकारसंस्थेसमोर मोजका संसर्ग न राहता सर्वदूर पसरलेला संसर्ग येतो. फुफ्फुसातील भक्षकपेशी सायटोकाइन नावाचे संदेश मोठ्या प्रमाणात सोडतात, त्या हाकेला रक्तातील श्वेतपेशी मोठ्या संख्येने धावून येतात, त्यांच्या विकरांनी जंतूंबरोबर वायुकोशाची भिंतही झिजते, आणि केशवाहिन्या पाझरू लागून पिशव्यांत प्रथिनयुक्त द्रव साचतो. घरातला विंचू मारण्यासाठी अख्खे छप्पर पेटवून द्यावे, तसा हा प्रकार होय. प्राणवायूला रक्तापर्यंत पोचण्याची वाट उरत नाही. 1918 च्या रुग्णांचे ओठ व नखे निळी-जांभळी पडल्याची वर्णने जगभरच्या डॉक्टरांनी लिहून ठेवली आहेत, त्यांचे कारण हेच. त्या वेळच्या तपासण्यांत रक्तातील श्वेतपेशींची संख्या बहुतेकदा वाढण्याऐवजी घटलेली आढळे, आणि फुफ्फुसाच्या जिवावर उठलेली प्रतिकारसंस्था रक्तात मात्र दुबळी दिसावी, या विसंगतीने अनेकांना बुचकळ्यात टाकले होते.

सायटोकाइनांच्या या उद्रेकाला सायटोकाइन वादळ म्हणण्याचा प्रघात 1990 च्या दशकात अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणासंबंधीच्या लेखनातून पडला आणि करोनाच्या काळात तो घराघरात पोचला. त्यावरून 1918 चे कोडे सुटले, असे पुष्कळदा लिहिले जाते: तरुणांची प्रतिकारशक्ती जबर, म्हणून त्यांच्यातले वादळही जबर, म्हणून तेच मेले. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी ते अर्धेच टिकते. त्या विषाणूचे जनुकीय अवशेष अमेरिकी सैनिकांच्या जतन केलेल्या ऊतींतून व अलास्कातील गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहातून मिळवून, 2005 मध्ये तो विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा घडविण्यात आला. 2007 मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगात त्याने फुफ्फुसांत तीव्र व न शमणारा दाह निर्माण केला, पण त्याच वेळी विषाणूला आवर घालणारा आरंभीचा प्रतिसाद विस्कटलेला आढळला. म्हणजे प्रतिकार जबर होता म्हणण्यापेक्षा तो चुकीच्या वेळी व चुकीच्या मापात आला, असे म्हणणे अधिक नेमके आहे.

दुसरी गोष्ट अशी की, मृत सैनिकांच्या फुफ्फुसांचे जे नमुने अमेरिकेत जपून ठेवले होते त्यांची 2008 मध्ये नव्याने तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ सर्वांत जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. विषाणूने अस्तर खरवडून काढल्यावर, आणि त्याच्याशी झुंजलेल्या भक्षकपेशी काही काळ थकल्यावर, घशात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस यांसारखे जिवाणू खाली उतरतात. पेनिसिलिन अजून शोधायचे होते, त्यामुळे या दुसऱ्या हल्ल्यावर औषधच नव्हते. विशीतिशीच्या वयोगटाबद्दल आणखी एक मत असे मांडले गेले आहे की, त्यांच्या लहानपणी, म्हणजे 1889-90 च्या इन्फ्लुएन्झाच्या सुमारास, शरीराला पहिली ओळख वेगळ्या जातीच्या विषाणूची झाली आणि प्रतिकारसंस्थेची स्मृती त्या जुन्या ओळखीलाच धरून राहिली. ही शक्यता विचार करण्याजोगी आहे, सिद्ध झालेली नाही.

बालाघाटावरच्या खेड्यांना लागू पडणारा पुरावा मात्र या सर्वांहून साधा आहे, आणि तो मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांत आहे. 1918 मध्ये त्या शहरात इन्फ्लुएन्झाने युरोपीय रहिवाशांत दर हजारी 8.3 आणि पारशांत 9 माणसे मेली. सवर्ण हिंदूंत हे प्रमाण 18.9, मुसलमानांत 19.2, आणि तेव्हाच्या सरकारी वर्गवारीत ज्यांना खालच्या जातींचे म्हटले होते त्या हिंदूंत 61.6 होते. विषाणू एकच, शहर एक, आठवडेही तेच. जबर प्रतिकाराने मृत्यू ओढवतो हेच एकमेव सूत्र असते तर सुग्रास खाणारे व हवेशीर घरांत राहणारे लोक अधिक मरायला हवे होते. प्रथिनांच्या व जीवनसत्त्वांच्या अभावी टी-पेशींची संख्या घटते, श्वासमार्गाच्या ओल्या अस्तरात स्रवणारी प्रतिपिंडे कमी पडतात आणि फाटलेले अस्तर सांधायला उशीर लागतो. त्यात दाटीवाटीच्या खोलीत एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या विषाणूची मात्राही मोठी असते. दुष्काळी वर्षात सर्वांत शेवटी जेवणारी आणि घरातल्या प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसणारी बाई, त्यातही गर्भार बाई, पुरुषांपेक्षा अधिक संख्येने का मेली, याचे कारण शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही.

यानंतरची वर्षे येथे भरभर ओलांडली तरी चालतील. पुण्यात 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, तेच 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. 2009 मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीतला देशातील पहिला मृत्यूही पुण्यातच झाला, आणि तो विषाणू 1918 च्या विषाणूचाच दूरचा वंशज होता. बार्शी लाइट रेल्वे 1954 मध्ये सरकारच्या मालकीची झाली. पुढे रुंदीकरणाच्या वेळी मार्ग वळवून उस्मानाबादलाही स्थानक मिळाले, त्यामुळे येडशीला उतरण्याची गरज संपली. सोलापूरहून बीडमार्गे उत्तरेला जाणारा महामार्ग मात्र गावाजवळून जातो, आणि 2020 मध्ये पुण्या-मुंबईहून मराठवाड्यात परतणाऱ्यांचा ओघ मुख्यतः अशा रस्त्यांनीच आला, कारण त्या वर्षी मार्चच्या अखेरीस देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या होत्या. 1918 मध्ये असा निर्णय कोणी घेतला नव्हता.

महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात आढळले. त्या आजाराचा घाट डॉक्टरांनी लवकरच हेरला: पहिला आठवडा तापखोकल्याचा, आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे विषाणूची संख्या ओसरू लागल्यावर, काही रुग्णांचा प्राणवायू एकाएकी खालावणे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तेव्हा खेड्यापाड्यांतल्या आशा कार्यकर्त्यांच्या हाती आले, ते याच वळणावर नजर ठेवण्यासाठी. छातीच्या सीटी स्कॅनचा गुण, रक्तातील सीआरपी, डी-डायमर आणि इंटरल्यूकिन-6 हे शब्द नातेवाइकांच्या तोंडी बसले. यांतील सीआरपी व इंटरल्यूकिन-6 दाहाची तीव्रता सांगतात, तर डी-डायमरवरून रक्ताच्या गुठळ्या होत असल्याचा संशय येतो, कारण दाह पावलेल्या केशवाहिन्यांत रक्त साखळते आणि फुफ्फुसाची कोंडी दुहेरी होते.

या दाहावर उतारा सापडला तो स्वस्तातला होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रिकव्हरी या चाचणीचे निष्कर्ष 16 जून 2020 रोजी जाहीर झाले, त्यांनुसार डेक्सामेथासोन हे जुने स्टिरॉइड दिल्याने कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांतील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना काहीही लाभ झाला नाही, उलट अपाय होण्याचा संभव दिसला. स्टिरॉइड प्रतिकाराचा आवेग उतरविते, म्हणून दुसऱ्या आठवड्यात ते तारक ठरते आणि पहिल्या आठवड्यात विषाणूला मोकळे रान देते. त्याच वर्षी पॅरिस व न्यू यॉर्क येथील संशोधकांना असेही आढळले की, गंभीर रुग्णांपैकी सुमारे एक दशांश जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आधीपासून होती. त्यांत पुरुष व वयस्क बरेच होते. साथीच्या काळात काढे, गोळ्या आणि चूर्णे ज्या प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावावर खपली, ती वाढविण्या-घटविण्याची एकच राशी नाही, हे या दोन शोधांनी दाखवून दिले होते. बाजाराला त्याचे सोयरसुतक नव्हते.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत, डेल्टा या प्रकाराच्या लाटेत, खाटा व प्राणवायू यांची टंचाई झाल्यावर स्टिरॉइडे घरच्या घरी, लवकर आणि जास्त दिवस घेतली गेली. त्याचा परिणाम महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसच्या रूपाने दिसला. माती, शेणखत व कुजलेला पाला यांत सर्वत्र असणारी ही बुरशी धडधाकट माणसाच्या नाकातील भक्षकपेशी सहज निपटतात, परंतु स्टिरॉइडने त्या सुस्तावतात आणि रक्तातील साखरही चढते, त्यामुळे मधुमेही रुग्णाच्या नाकामागील पोकळ्यांत, जबड्यात व डोळ्यांत ती पसरू लागली. कित्येकांचा जबडा किंवा डोळा काढावा लागला, आणि अँफोटेरिसिन या औषधासाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत धावले. केंद्राने मे 2021 मध्ये राज्यांना हा आजार साथरोग अधिनियमाखाली नोंद करण्याजोगा ठरविण्यास सांगितले. तो अधिनियम 1897 चा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला होता.